माळ्यावरचं कूळ

सारंगदादाच्या घराचा माळा उतरत्या छपराचा आहे. मधल्या पट्ट्यात तेवढं सरळ उभं राहता येतं, बाकी सगळीकडे डोकं आपटतं. दोन हजार वीसच्या ऑगस्टमध्ये ॲमस्टरडॅमजवळच्या या नीउ-व्हेनेपला असं ऊन पडलं होतं की शेजारच्या डच लोकांनी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या. मी त्या पट्ट्यात खिडकीपासून जिन्यापर्यंत येरझारा घालत होते. थीसिसचं चौथं प्रकरण लॅपटॉपवर उघडं पडलं होतं. मधेच वाकून मी मेल बघत होते आणि काही आलेलं नाही म्हणून पुन्हा चालायला लागत होते. बसलं तर पाय आपोआप हलायचे, त्यापेक्षा चाललेलं बरं.

काम खरं तर एवढंसं होतं. या घराच्या पत्त्यावर नगरपालिकेत, म्हणजे इथल्या गेमेंटेत, माझं नाव लागायला हवं होतं. एनस्खेडेची माझी खोली जुलैअखेर सुटली होती. तिथं येणाऱ्या मुलीचं नाव लागलं की माझं निघणार. एकीकडून नाव निघालं आणि दुसरीकडे लागलं नाही, तर तुम्ही देश सोडून गेलात असं इथं धरतात. माझ्या पर्मिटची मुदत ऑक्टोबरात संपत होती, आणि जिचा पत्ताच नाही अशा बाईला मुदतवाढ कोण देणार? यासाठी घरमालकानं फक्त संमती द्यायची असते. भाजीला फोडणी देता देता फोनवरून होणारं काम आहे. मंजूताईला, म्हणजे सारंगदादाच्या बायकोला, मी जुलैतच विचारलं होतं. "अगं, त्यात काय विचारायचं, करू की," ती म्हणाली होती. त्यानंतर ते घोंगडं भिजतच पडलं होतं.

मी या घरात आले मार्चमध्ये. एनस्खेडेच्या विद्यापीठात माझं संशोधन चालू होतं, जमिनीच्या नोंदी आणि कुळांच्या इतिहासावर. आम्ही सहाजणी एक स्वयंपाकघर वापरायचो. त्यातल्या दोघी तापानं पडल्या आणि त्याच संध्याकाळी मंजूताईचा फोन आला. आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली, तीसुद्धा मोदक वळण्यापुरती. "बॅग भर आणि सरळ इकडे ये," ती म्हणाली. मी भाड्याचं काढलं तर ती चक्क रागावली. "घरचीच आहेस तू. घरच्यांकडून भाडं घेतात का?" फोन ठेवल्यावर मी रडले होते. परक्या मुलखात, अशा वेळी, इतक्या आपुलकीनं कोण बोलावतं?

घरचीच म्हटल्यावर मग घरच्यासारखं वागणं आलं. मंजूताई आणि सारंगदादा दोघंही आयटीतले. सकाळी नऊला कानाला हेडफोन लागले की एक डायनिंग टेबलावर आणि दुसरा बेडरूममध्ये, ते संध्याकाळपर्यंत. त्यांची आर्या नऊ वर्षांची. शाळा बंद झाल्यावर तिचा अभ्यास माझ्याकडे आला. मी मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची, आमचं छान जमलं. मग "तू घरी आहेसच तर कुकर लावशील?" असं सुरू झालं. मग युम्बोतून किराणा आणणं आलं, कारण घरात म्हातारं माणूस होतं आणि बाहेर जाणारं एकच कोणी असलेलं बरं. आणि मग ते म्हातारं माणूसही माझ्याकडेच आलं.

मनोहरकाका, म्हणजे सारंगदादाचे वडील, फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यावर इथंच अडकले. वय त्र्याहत्तर, मुंबईत बँकेत जन्म काढलेला, पण मन सगळं कोकणातल्या गावच्या जमिनीत. त्यांचं घराणं खोतांचं. सरकारसाठी गावचा सारा वसूल करता करता गावच आपलं मानणारी ही मंडळी. जमिनीचे तीन पिढ्यांचे दावे काकांना तारखांसकट तोंडपाठ होते. त्यांना रोज सकाळी फिरायला न्यायचं, कारण एकटे गेले की त्या एकसारख्या विटांच्या घरांत ते वाट चुकायचे. मला ते आवडायचे, हीच तर पंचाईत होती. घरात तेवढे एकटेच माझ्या विषयावर बोलायचे.

त्या शनिवारी आम्ही कालव्याच्या बांधावरून चाललो होतो. एका बाजूला पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला शेतं खाली, हे दृश्य बघून काका रोज नव्यानं थक्क व्हायचे.

"काय लोक आहेत बघ. अख्खं तळं उपसून जमीन काढली. जिथं जमीनच नव्हती तिथं ना खोत ना कूळ. भांडणाला जागाच नाही."

"काका, तळं उपसून झाल्यावर सरकारनं जमीन लिलावात काढली. ॲमस्टरडॅमच्या पैसेवाल्यांनी मोठे मोठे तुकडे उचलले आणि कसायला दुसऱ्यांना दिले. ज्यांनी खोदलं ते बांधावरच्या झोपड्यांत राहायचे. त्यांतले कितीतरी तापानं आणि पटकीनं गेले."

"म्हणजे आलाच का खोत," काका मजेत हसले. "बरं, ते तुझ्या अमेरिकेचं सांग. काल अर्धवट राहिलं."

मी सांगितलं. न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला हडसन नदीकाठी इथल्या डच कंपनीनं आपल्या बड्या भागीदारांना जहागिरी दिल्या. मूळच्या लोकांकडून कापड आणि भांडीकुंडी देऊन जमीन घेतली, आणि मग कुळं आणून वसवली. पुढे इंग्रज आले, अमेरिका स्वतंत्र झाली, राजे गेले आणि राष्ट्राध्यक्ष आले, तरी ही कुळं पिढ्यान् पिढ्या मालकाला दरसाल गहू घालत राहिली. वर चार धष्टपुष्ट कोंबड्या, आणि वर्षातून एक दिवस आपली गाडीघोडी घेऊन मालकाकडे फुकट राबायचं. शेवटी ती बंड करून उठली, तेव्हा बायकांचे झगे आणि मुखवटे घालून रानात जमायची आणि पत्र्याचे कर्णे फुंकून एकमेकांना इशारा द्यायची.

काका बांधावर थांबलेच. "अगं ही तर आपली वेठ. आणि कोंबडीसुद्धा! आमच्याकडे शिमग्याला कोंबडी यायची."

"आमच्याकडून जायची," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं आडनाव भुवड आहे, हे त्यांना पाच महिने माहीत होतं. पण मी पुण्यात वाढलेली, इंग्रजी बोलणारी, त्यामुळे त्या आडनावाचा पुढे विचार करायची गरज त्यांना पडली नसावी.

"भुवड म्हणजे गुहागरकडचे का तुम्ही?"

"हो. कुणबी. तुमच्या गावचे नाही, काळजी नको."

ते हसले, पण जरा उशिरानं. परत येताना त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं, की या घरात मी किती दिवस राहणार आहे.

दुपारी मेल आलं. एनस्खेडेची ती नवी मुलगी मोठ्या अदबीनं लिहीत होती, की सोमवारी ती आपलं नाव नोंदवते आहे, माझी काही अडचण नाही ना? मी कापेलला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, सुमेधाला फोन केला. ती स्वतःच भाड्यानं राहणारी, दुसरं नाव लावलं तर मालक तिलाच बाहेर काढेल. आणखी दोन ठिकाणी विचारलं, सगळ्यांना वाईट वाटलं. मी येरझारा घातल्या, चौथ्या प्रकरणातली एकच ओळ कितीदा तरी वाचली, आणि शेवटी खाली जाऊन स्पष्टच विचारायचं म्हणून जिन्याशी आले. उकाड्यामुळे घरातली सगळी दारं उघडी होती.

"तिचं नाव लावू नकोस," काका खाली सांगत होते. "एकदा नाव लागलं की कूळ लागलं म्हणून समज. मग निघता निघत नाही. आपली निम्मी जमीन अशीच गेली."

"बाबा, हे नेदरलँड्स आहे. इथं सातबारा नाही," सारंगदादा म्हणाला.

"जमीन तिथं कायदा सारखाच. बघ तरी."

सारंगदादानं बघितलं. तो आयटीतला माणूस, शंका आली की शोधून मोकळा होतो. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला आणि तो बदललेला होता. "राहत्या घरातली खोली भाड्यानं दिली तर पहिले नऊ महिने मालक सहज जा म्हणू शकतो. नंतर अवघड होतं, असं दिसतंय."

"मी काय सांगत होतो?"

"पण ती भाडंच देत नाही ना, बाबा. आईशप्पथ, एक युरो घेतलेला नाही."

"अरे, राबते ना? पोरीचं शिक्षण बघते, रांधते, बाजार आणते, मला फिरवते. उद्या कोर्टात गेली तर हाच खंड म्हणतील. पैशानं दिला काय नि अंगमेहनतीनं दिला काय."

मी जिन्यात उभी होते. हसू आलं आणि पाठोपाठ डोकं तापलं. पाच महिन्यांत माझ्या कामाला काम म्हणणारा हा पहिला माणूस होता, आणि तेही भीतीपोटी. वेठीवर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय. हडसनकाठच्या कुळांच्या कोंबड्या मी मोजल्यात. आणि रोज कुकरच्या शिट्ट्या मोजताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी तशीच खाली गेले. "काका बरोबर बोलताहेत," मी म्हणाले. "मी भाडं देते. माझा पगार आहे, मला परवडतं. दर महिन्याला भाडं घ्या, पावती द्या आणि नाव लावा. आणि आर्याचा अभ्यास, कुकर, बाजार, हे उद्यापासून माझ्याकडे नाही."

डायनिंग टेबलावरून मंजूताई उठली. शनिवारीही ती ऑफिसचंच काम करत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, केस कसेतरी वर बांधलेले. तिचे वडील तिकडे मिरजेला एकटे होते आणि रोज संध्याकाळी ती फोनवर त्यांना ऑक्सिजन मोजायला लावायची.

"आम्ही तुझ्याकडून काम करून घेतलं, असं म्हणायचंय तुला?" तिनं विचारलं. "बहिणीसारखं समजून ठेवलं गं तुला. पावती काय मागतेस?"

ती नाटक करत नव्हती. तिला खरंच लागलं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मी, जी तावातावानं जिना उतरून आले होते, ती म्हणाले, "नाही गं ताई, तसं नाही." ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मी हरले. माणूस शत्रू असला की बोलता येतं. रडत असला की काय बोलणार?

रविवार सकाळपर्यंत मी काही खाल्लं नाही. न खाणं हासुद्धा रुसवाच, आणि रुसवा घरच्यांवरच धरतात, हे कळूनही खाली जाववलं नाही. माळा तापत होता. उद्या माझं नाव निघणार होतं. बॅग भरायला काढली, पण ती भरून जायचं कुठं? ती तशीच उघडी ठेवून पुन्हा त्या पट्ट्यात चालत राहिले.

अकराच्या सुमाराला सारंगदादानं हाक मारली. टेबलावर एक छापलेला कागद होता. त्यानं मार्ग काढला होता आणि स्वतःवर तो खूश दिसत होता.

"हे बघ, सगळ्यांचं समाधान होईल असं. तू यावर सही कर, मी लगेच गेमेंटेला संमती टाकतो. ऑनलाइन, आत्ता, तुझ्यासमोर. फॉर्मॅलिटी आहे गं फक्त. बाबांना बरं वाटेल."

कागद इंग्रजीत होता, पण मजकूर काकांचा होता हे लगेच कळलं. मी या घरात पाहुणी म्हणून राहते. घरावर वा खोलीवर माझा कसलाही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही. घरात मी जी मदत केली ती प्रेमापोटी केली, त्याचा मोबदला मागणार नाही. हे मी राजीखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.

राजीखुशीनं, दबावाशिवाय. हे शब्द मी ओळखत होते. माझं चौथं प्रकरण याच शब्दांवर अडलं होतं. सत्तावन्न साली कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा कोकणात कितीतरी कुळांनी असेच कागद करून दिले. जमीन आम्हाला नको, आम्ही खुशीनं सोडतो. त्यांत एक कागद माझ्या पणजोबांचा होता, खाली अंगठा. घरात त्यांचं नाव निघालं की माझे आजोबा उठून बाहेर जायचे. माझ्या इथल्या गाइडनं त्या पानाच्या कडेला लिहिलं होतं: दबाव कुठे आहे? मी दोन वर्षं तो शोधत होते. मारहाण, धमकी, जाळलेलं गवत, काहीतरी सापडेल म्हणून. कागदात काही सापडत नव्हतं, आणि मला पणजोबांचा राग यायचा. असा कसा अंगठा दिला?

काकांना माझा चेहरा दिसला असावा. ते मऊ आवाजात बोलायला लागले.

"तुला वाटत असेल, म्हातारा जुलमी आहे. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा. आमच्या ओटीवर माणसं बसलेली असायची, अंगठा द्यायला. माझ्या वडिलांनी कोणावर आवाज चढवलेला मी पाहिला नाही. प्रत्येकाची विचारपूस करायचे. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचा मुलगा मुंबईला गिरणीत लावायचा. आणि प्रत्येकाला चहा, तोही कपबशीत. त्या काळी कुणब्याला कपबशीत चहा देणारं पंचक्रोशीत आमचंच घर." "चांगली माणसं होती ती. घरचीच होती."

ते खरं सांगत होते, याबद्दल मला अजूनही शंका नाही.

मंजूताईनं माझ्यासमोर चहा ठेवला. आलं घातलेला, साखर कमी, मला आवडतो तसा. मग उपमा आणला, कारण मी कालपासून खाल्लेलं नव्हतं हे तिच्या लक्षात होतं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आर्या सोफ्यावरून बघत होती. तिनं डचमध्ये विचारलं, तू आमच्याकडून जाणार आहेस का?

"नाही," मी मराठीत म्हणाले.

हा कागद इथल्या कोर्टात टिकायचा नाही, याची मला बऱ्यापैकी खात्री होती. असे हक्क लिहून सोडता येत नाहीत. पणजोबांचाही कदाचित टिकला नसता. पण कोर्टात जायचं म्हणजे ज्यांनी चहा दिला, मुलाला गिरणीत लावलं, त्यांच्यावर दावा ठोकायचा. ते कोण करणार? मी तरी मंजूताईवर करणार होते का?

मी सही केली. माझी सही चांगली वळणदार आहे.

सारंगदादा शब्दाचा पक्का. त्यानं फोन काढला, चार ठिकाणी बोट टेकवलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. संमती पोहोचली होती. माझ्या बाजूचं मी तिथंच बसून भरलं. काका म्हणाले, "शहाणी मुलगी आहे. आता हवं तितके दिवस राहा, कोण नको म्हणतंय?" आणि त्यांचं ते बोलणं अगदी मनापासूनचं होतं.

मला हायसं वाटलं. छातीवरचं मणभर ओझं उतरलं, पाय हलायचे थांबले, पोटात भूक लागली. दोन वर्षं मी पणजोबांना ओटीवरून मान खाली घालून घरी जाताना बघत आले होते. आता उपमा खाताना कळलं, की ते तसे गेले नसतील. ते खुशीत गेले असतील. घरी जाऊन बायकोला म्हणाले असतील, काळजी मिटली. आणि हे मी गाइडला कुठल्या तळटीपेत लिहिणार होते?

"प्रांजली," मंजूताई हेडफोन शोधत म्हणाली, "उद्या साडेआठलाच कॉल आहे माझा. बाबांना तेवढं फिरवून आणशील ना?"

"आणेन की," मी म्हणाले, आणि आणखी थोडा उपमा वाढून घेतला.